सॅच्युरेशन विचारा, आवडता रंग नको

आयेल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तयारीला बसलेली मुलं माझ्याकडे येतात ती सहसा रायटिंगच्या मार्कांचं रडगाणं घेऊन. स्पीकिंगची तक्रार उशिरा निघते, आणि निघते तीही जरा ओशाळूनच. "मॅडम, तिसऱ्या भागातलं शिक्षण, पर्यावरण वगैरे जमतं हो. पण सुरुवातीला ते आवडता रंग कोणता, लहानपणी कोणता आवडायचा, खोलीला कोणता लावाल असलं काहीबाही विचारतात ना, तिथे बोबडीच वळते." इंजिनिअर झालेल्यांकडून, फार्मसीवाल्यांकडून, अगदी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांकडूनही हे ऐकलंय. एवढ्याशा प्रश्नावर अडतो हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून क्लासमध्ये कोणी विचारत नाही. मग रात्री यूट्यूब उघडून कुणाचं तरी उत्तर पाठ करतात.

सुनंदाने (नाव बदललं आहे) तेच केलं होतं. ही मिरजेची, आयसीयूत काम करणारी नर्स. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला अकॅडमिक आयेल्ट्समध्ये एकूण 7 लागतात. लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंग या तिन्हींत 7 हवेतच, रायटिंगला 6.5 चालतात. हिचं बाकी सगळं बसलं होतं. स्पीकिंगला मात्र 6.5. अर्ध्या बँडसाठी (या परीक्षेतल्या गुणांना बँड म्हणतात) घोडं अडलं होतं.

मी परीक्षकाच्या खुर्चीत बसले आणि आवडता रंग विचारला. एका दमात उत्तर आलं, "माय फेवरिट कलर इज ब्लू. इट सिम्बॉलायझेस ट्रँक्विलिटी अँड रिमाइंड्स मी ऑफ द व्हास्ट ओशन." उच्चार स्वच्छ, पण मधे कुठे श्वासही नाही, शाळेत मनाचे श्लोक म्हणून टाकायचो तसं. मी विचारलं, "डू यू वेअर इट ऑफन?" तिने आपल्या कुर्त्याकडे पाहिलं. बदामी. "नो... आय ॲम नॉट... आय डोंट वेअरिंग..." आणि मग भली मोठी शांतता. मिरजेहून समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते. ही शाळेच्या सहलीला एकदा गेली होती, आणि तिथलं तिला काय आठवत होतं, तर बसमध्ये उलटी झालेली.

"काय बोलायचं हो रंगावर?" ती वैतागून मराठीत आली. "पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, का पडलं ते विचारा, अर्धा तास बोलते. रंगाचं काय एवढं?"

इथे परीक्षेचं गणित सांगायला हवं, कारण निम्मी भीती ते ठाऊक नसल्यामुळे असते. स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. त्यातली पहिली 4-5 मिनिटं ओळखीच्या विषयांवर साधे प्रश्न, आणि रंग येतो तो इथे. मार्क चार गोष्टींना, सारख्याच वजनाने: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता आणि अचूकता, उच्चार. तुमची आवड उच्च आहे की सामान्य याला मार्क नाहीत. निळ्याला जास्त आणि शेवाळीला कमी असंही नाही. बँडचे निकष आयेल्ट्सने सगळ्यांना वाचता येतील असे प्रसिद्ध केले आहेत. त्यात पाठ केलेल्या बोलण्याचा उल्लेख आहे, पण तो अगदी तळाच्या बँडांत: स्वतःचं वाक्य जुळत नाही, तेवढं घोकलेलं काय ते नीट येतं, अशा अर्थाने. परीक्षकाला घोकंपट्टी पकडायला काही जादू लागत नाही. तो पाठ नसलेला पुढचा प्रश्न विचारतो आणि तुमचा वेग, उच्चार, व्याकरण तिन्ही एकदम खाली येतात. सुनंदाचं तेच झालं होतं.

असले प्रश्न ठेवण्यामागचा हिशेब साधा आहे. उत्तर द्यायला माहिती लागू नये, म्हणजे डॉक्टर असो की शेतकऱ्याचा मुलगा, दोघांचं फक्त बोलणं ऐकता येतं. हिशेब चोख आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. माणसाला स्वतःची आवड ठाऊक असते आणि ती कारणासकट सांगायची त्याला सवय असते, ही. आपल्या घरांतून तशी सवय सगळ्यांना लागतेच असं नाही. मुलींना तर फारच कमी.

मी तयारीचं पुस्तक मिटलं आणि मराठीत विचारलं, "हा कुर्ता कोणी पसंत केला?"

"आईने. दुकानात ती असतेच बरोबर."

"तुला कोणता हवा होता?"

"एक बॉटल ग्रीन होता. पण आई म्हणाली, तुझ्या रंगाला गडद उठून दिसत नाही, फिकटच घे." हे ती हसतच सांगत होती. मग चौथीच्या स्नेहसंमेलनातली हिरवी नऊवारी निघाली. ती नेसून ही नाचली होती आणि मावशीने सगळ्यांसमोर काहीतरी बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून कपाटात बदामी, मोतिया, फिकट आबोली. सावळ्या मुलींच्या कपाटांची ही कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे की पुढचं वाक्य कोणतं येणार ते कळतं. तरी मी तिथे फार खणलं नाही. ती परीक्षेसाठी आली होती, आणि आईवर बोलायचंच असेल तर त्यासाठी वेगळी वेळ काढता येते, एवढं मी सांगून ठेवलं.

पुढचा प्रश्न वेगळ्या बाजूने टाकला. "ड्यूटीवर किती रंग हाताळतेस?"

तिचा चेहराच बदलला. बोटांवर मोजत सुटली. "शिरेत घालायची नळी, म्हणजे कॅन्युला धरा. हिरवा 18 नंबर, गुलाबी 20, निळा 22, पिवळा 24. मग रक्ताच्या ट्यूब. जांभळं झाकण सीबीसीला, फिकट निळं पीटीला, राखाडी शुगरला. कचऱ्याच्या पिशव्या पिवळ्या, लाल. सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. पेशंटचे ओठ निळसर पडलेत का, लघवीचा रंग चहासारखा आहे का, हे बघणं तर चालूच असतं."

"यातला कोणता रंग दिसला की बरं वाटतं?"

क्षणभरही न थांबता, "हिरवा! ॲक्सिडेंटची केस येते, बीपी पडलेलं, शिरा बसलेल्या. अशा वेळी हिरवा 18 एका झटक्यात लागला ना मॅडम, की जीव भांड्यात पडतो. मग रक्त चढवा, फ्लुइड सोडा, काय हवं ते करा." बोलताना तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं होतं आणि उजव्या अंगठ्याने शीर चाचपत होती. तिला त्याचं भानही नव्हतं.

"आता हेच इंग्रजीत."

थोडी अडखळली, पण थांबली नाही. "आय लाइक डार्क ग्रीन, अँड द रीझन इज अ बिट फनी. आय ॲम अ नर्स, अँड द स्मॉल ट्यूब वी पुट इन द वेन कम्स इन डिफरंट कलर्स. व्हेन द ग्रीन वन गोज इन, आय नो वी कॅन गिव्ह फ्लुइड्स फास्ट, सो आय कॅन ब्रीद अगेन." ट्रँक्विलिटी नाही, ओशन नाही, तरीही आधीच्या उत्तरापेक्षा हे कितीतरी सरस. कारण आणि परिणाम एकाच वाक्यात आले. 'कॅन्युला' न म्हणता तिने तो चार सोप्या शब्दांत समजावला. असं वळसा घालून समजावता येणं वरच्या बँडांच्या शब्दसंपत्तीच्या निकषात मोजलं जातं. आणि मुख्य म्हणजे मी पुढे काहीही विचारलं असतं तरी तिच्याकडे सांगायला होतं.

तिची शंका रास्त होती: "पण परीक्षकाला वाटेल, रंग विचारला तर ही हॉस्पिटल काय सांगत बसली?" तीन-चार वाक्यांत संपवलं तर तसं काही वाटत नाही. पहिल्या भागात एवढंच बोलायचं असतं. लांबवलं तर परीक्षक मधेच तोडतो. ते रागाने नसतं, त्याला मिनिटं सांभाळायची असतात. तोडलं म्हणून मार्क गेले असं समजून पुढच्या प्रश्नावर रडवेली होणारी मुलं बघितली आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते.

दुसरी शंका सगळेच विचारतात: खोटं सांगितलं तर चालतं का? चालतं, तुमचं कपाट उघडून बघायला कोणी येत नाही. पण खोट्याला दोन कामं एकदम करावी लागतात, रचायचंही आणि बोलायचंही. परीक्षेच्या खोलीत दोन्ही जमणारे थोडे. आवडता रंगच नसेल तर तसं सांगावं: "आय डोंट रिअली हॅव वन, बट आय नेव्हर बाय एनिथिंग व्हाइट, बिकॉज आय राइड अ स्कूटर." हेही पूर्ण मार्कांचं उत्तर होऊ शकतं. रंगांधळेपणा असलेला एक मुलगा या विषयाला फार घाबरायचा. लाल आणि हिरवा आपल्याला जवळजवळ सारखेच दिसतात, सिग्नलला वरचा दिवा लागलाय की खालचा ते बघून गाडी थांबवतो, हे त्याने सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग कान देऊन ऐकत होता.

रंगाचे प्रश्न एकसारखे वाटतात, पण प्रत्येकाला वेगळं व्याकरण लागतं, आणि सुनंदाची खरी गळती तिथे होती. आता कोणता आवडतो याला साधा वर्तमानकाळ. लहानपणी कोणता आवडायचा म्हटलं की 'यूज्ड टू' यायला हवं. भिंतींना कोणता लावाल, याला 'वुड'. सुनंदा तिन्ही उत्तरं एकाच काळात देऊन मोकळी व्हायची. मग मी तिला घरी एक काम दिलं. रोज रात्री एक बारीकशी निवड, म्हणजे चादर, कप, रिक्षेची सीट, काहीही घ्यायचं आणि आवडलं की नाही ते दोन कारणांसकट आधी मराठीत मोठ्याने बोलायचं, मग इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करून. धाकट्या भावाने मधेच एक वाकडा प्रश्न टाकायचा. भावाने हे काम भलत्याच उत्साहाने केलं. आधी मराठीत का, असं क्लासचे सर मला विचारतात. 'इंग्रजीत विचार करा' असा त्यांचा आग्रह. माझं म्हणणं एवढंच, की आवड कोणत्याच भाषेत जुळलेली नसेल तर इंग्रजीत ती आयती कुठून येणार?

तुमच्याकडे रंगांना काही अर्थ आहे का, हाही प्रश्न येतो, आणि तिथे आपल्या मुलांची भलतीच गर्दी होते. हिरवा चुडा, संक्रांतीची काळी साडी, नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग, सगळं एकदम सांगायचं असतं. एकच घ्यावं. एरवी शुभकार्याला टाळतो तो काळा रंग संक्रांतीला हौसेने नेसतो, थंडीत काळं कापड ऊब धरतं म्हणून, एवढ्यावर चार वाक्यं सहज होतात.

याच प्रश्नावर मराठवाड्यातला एक विद्यार्थी अडला होता. त्याला निळा खरोखरच आवडायचा, आणि त्याचं कारण आकाश नव्हतं. चौदा एप्रिलला वस्तीत लागणारे निळे झेंडे, पहाटेपासूनची लगबग, घरातल्या भिंतीवर निळ्या सुटातला बाबासाहेबांचा फोटो. "हे सांगितलं तर समोरच्याला कळेल ना मॅडम?" त्याने विचारलं. काय कळेल, ते त्याने बोलून दाखवलं नाही. परीक्षेच्या बाजूने उत्तर सोपं होतं: मुलाखत रेकॉर्ड होते, गुण ठरलेल्या चार निकषांवर दिले जातात, आशयावर नाही. पण त्याची भीती परीक्षेच्या आधी कितीतरी वर्षांपासूनची होती, आणि ती अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. सांग असंही म्हटलं नाही, सांगू नकोस असंही नाही. दोन्ही उत्तरांची तयारी करून घेतली, एक जयंतीचं आणि एक त्याच्या जुन्या निळ्या सायकलचं. खोलीत त्याने कोणतं दिलं ते मी विचारलेलं नाही.

सुनंदाला मैत्रिणी सांगत होत्या, सरळ ओईटी दे. ती परीक्षा आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच असते, बोलण्याच्या भागात नर्स आणि पेशंट असे दोन प्रसंग करायचे, रंगबिंग काही नाही. सल्ला चुकीचा नव्हता आणि नर्सिंग कौन्सिलला ओईटी चालतेही. पण ओईटीची फी बरीच जास्त, आणि हिचा अडथळा तर बाजूला झाल्यातच जमा होता.

पुण्याला तिने पुन्हा परीक्षा दिली. रंग आलाच नाही. पाऊस आला, आणि घरात कोण स्वयंपाक करतं ते आलं. स्पीकिंगला 7 मिळाले. लिसनिंग मात्र या खेपेला 6.5 वर घसरलं, आणि तिने मला रडत फोन केला. बारा महिन्यांच्या आतले दोन निकाल कौन्सिल जोडून धरतं, कुठल्या विषयात अर्ध्या बँडपेक्षा जास्त कमी पडलेलं नसलं म्हणजे झालं. हे तिला ठाऊकच नव्हतं. आधीच्या खेपेचं लिसनिंग आणि आताचं स्पीकिंग मिळून तिचं काम झालं. सध्या ती सीबीटीची, म्हणजे नोंदणीच्या कॉम्प्युटरवरच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिथे औषधांचे डोस काढायचे आणि नर्सिंगचेच प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे स्वारी खुशीत आहे.