ह्यांचा फंड माझ्या आजारपणात जायला नको

"कंपनीचा विमा बंद झाल्यावर औषध कसं परवडणार?" कर्करोगाच्या रुग्णांपेक्षा त्यांच्या घरचेच हे जास्त विचारतात. फोंड्याच्या एका काकींची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकींना स्तनाचा कर्करोग, हाडांत पसरलेला. पाल्बोसिक्लिबची रोज एक कॅप्सूल, २१ दिवस घ्यायची, ७ दिवस बंद. काका कुंडईच्या कारखान्यात, निवृत्ती तोंडावर आलेली. बिलं कंपनीच्या गट विम्यातून भागत होती. काका हिशेब मांडत होते, काकी गप्प. मी औषधाची पट्टी बघायला मागितली. तारखेप्रमाणे संपायला हवी होती, ती अर्धी शिल्लक.

"एक दिवसाआड घेते. ह्यांचा फंड माझ्या आजारपणात जायला नको."

काकांना हे तिथेच कळलं. मला या लपवण्याची फार भीती वाटते. आजार वाढला की औषध लागू पडत नाही असं डॉक्टरांना वाटतं आणि ते त्याहून महागडं औषध लिहून देतात.

त्यामुळे आधी दोघांना डॉक्टरांकडे पाठवलं, खरं काय ते सांगायला. चिठ्ठीवर मूळ ब्रँडच चालत आला होता. विमा भरतोय म्हटल्यावर किंमत कुणी विचारलीच नव्हती. पाल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात जानेवारी २०२३मध्ये संपलं. तेच औषध आता अनेक भारतीय कंपन्या कितीतरी स्वस्तात देतात. डॉक्टरांनी लगेच बदलून दिलं.

मग विमा. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीचा प्रतीक्षाकाळ (जुन्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ) धरला जातो. पण अर्ज निवृत्तीआधी करावा. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवतात, कधी सरळ नकारच देतात. घरी घ्यायच्या कॅप्सूल पॉलिसीत बसतात का, हे लेखी विचारायला लावलं.

काकांची भिस्त गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डावर होती. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला त्यात वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांपुरतं. सत्तरीनंतर उत्पन्नाची अट न लावता मिळणारं आयुष्मानचं ५ लाखांचं कवचही मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी. दर महिन्याच्या कॅप्सूलचा खर्च म्हणून वेगळाच धरायला सांगितला.

निवृत्ती जवळ आली असेल तर एचआरकडून पॉलिसीची प्रत आत्ताच मागून घ्या. नोकरी सुटल्यावर त्या कागदासाठी फार हेलपाटे पडतात.