समुद्रतळावरचे गोटे वर कसे आणतात?

प्रश्न : भारत हिंदी महासागराच्या तळावरून निकेल, कोबाल्ट काढणार असल्याचे वाचनात आले. इतक्या खोलवर खाणकाम कसे करतात? जहाजावरच शक्तिशाली पंप बसवून खनिज ओढून घेता येणार नाही का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : येथे खणण्याचे काम जवळजवळ नाहीच. मध्य हिंदी महासागरातील ज्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने २००२ सालच्या कराराने भारताला दिला, तेथे मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोटे पाच-सहा किलोमीटर खोलीवर मऊ चिखलात उघडेच पडलेले आहेत. ते वेचणारे यंत्र त्या चिखलात न रुतता चालले पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये ‘वराह’ हे यंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले; मात्र ती चाचणी यंत्र चालवण्याची होती, गोटे वर आणण्याची नव्हे.

खरी अडचण वर आणण्याची आहे. जहाजावरचा पंप नळीत निर्वात पोकळी निर्माण करील, पण हवेच्या दाबाने पाणी समुद्रसपाटीच्या वर फार तर दहा मीटर चढेल आणि तेवढ्या फरकाने जड गोटे हलणार नाहीत. सुदैवाने पाच किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलावा लागत नाही, कारण दोन्ही टोकांना उघडी नळी सोडली की ती समुद्रसपाटीपर्यंत आपोआप भरते. उचलायचे असते ते फक्त गोट्यांचे पाण्यातील वजन, आणि मात करायची असते घर्षणावर. गोट्यांची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट असल्याने नळीतील प्रवाह त्यांच्या बुडण्याच्या वेगाहून जलद ठेवावा लागतो. त्यासाठी एकतर पंप पाण्याखाली, नळीच्या वाटेतच बसवतात, किंवा नळीत ठरावीक खोलीवर दाबलेली हवा सोडतात. बुडबुड्यांमुळे आतले मिश्रण बाहेरच्या पाण्याहून हलके होते आणि बाहेरचा दाबच त्याला वर ढकलतो. प्रशांत महासागरातील क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात २०२२ मध्ये याच पद्धतीने सुमारे ३,००० टन गोटे जहाजावर आणण्यात आले.

गोट्यांबरोबर गढूळ पाणीही वर येते आणि ते परत सोडावे लागते. ते पृष्ठभागाजवळ सोडले तर प्रकाश अडतो व तेथील सजीवांना बाधा पोहोचते. बरेच खाली सोडायचे तर परतीची लांब नळी आली आणि खर्चही वाढला. तळावर यंत्रामुळे उडणारा गाळ वेगळाच. त्याचा परिणाम तपासण्यासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळाचा एक भाग मुद्दाम ढवळून पाहिला होता.