गोल्फ: तुमचे प्रश्न – मागून सरळ दिसणारी लाईन वरून वाकडी का दिसते?

प्रश्न (जळगावहून): राम राम भाऊ. माझं ठिबकचं दुकान आहे, पुण्याला मुलाकडे गेलो की गोल्फ खेळायला मिळतं, नाहीतर इथे घरात सतरंजीवरच पटिंग, म्हणजे बॉल जमिनीवरून घरंगळवत कपात घालायचा सराव. बॉलवर स्केचपेनने रेघ मारलीय. मागे उकिडवं बसून ती कपाकडे, म्हणजे बॉल घालायच्या भोकाकडे, नीट लावतो, पण उभा राहिलो की तीच रेघ डावीकडे गेलेली वाटते, मग परत खाली बसतो, रेघ हलवतो, परत उभा राहतो, सोबतचे लोक वैतागतात आणि शेवटी पट, म्हणजे तो फटका, जातो भलतीकडेच. रेघ पुसून टाकू का? आणि दरवेळी चालेल असं एखादं रुटीन सांगा.

उत्तर: राम राम. रेघ राहू द्या, तिने तुमचं काही बिघडवलेलं नाही. मागे बसता तेव्हा तोंड कपाकडे असतं, दोन्ही डोळे लाईनीच्या, म्हणजे बॉल जायच्या वाटेच्या, मागे. उभं राहिलं की तुम्ही लाईनीच्या बाजूला जाता, मान वळवून बघता, आणि डोळे बॉलच्या नेमके वर नसतील तर सरळ रेघही तिरकी दिसते. तपासायचं असेल तर स्टान्स घ्या, म्हणजे फटक्याला उभे राहता तसे उभे रहा, दुसरा एक बॉल दोन भुवयांच्या मधे धरा आणि सोडून द्या. खालच्या बॉलवर पडला किंवा किंचित तुमच्या पायाकडे पडला तर चांगलं. पलीकडे पडला तर तुम्ही जास्त ओणवे होताय, थोडं मागे सरका.

आणि एकदा मागून लावली ना रेघ, की तीच खरी. उभं राहून तिला हात लावायचा नाही. वरून कप बघून नेम धरण्यापेक्षा मागे असतानाच बॉलच्या पुढे वीतभर अंतरावर लाईनीत एखादं पिवळं पातं, एखादा डाग हेरून ठेवा. उभं राहिल्यावर पटरचं, म्हणजे पटिंगच्या काठीचं, तोंड त्या डागाकडे लावायचं, बस. हे तोंड फार महत्त्वाचं, कारण बॉल निघतो तो मुख्यतः त्याच दिशेने. कपाचा व्यास १०८ मिलीमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. १० फुटांवरून सरळ पट असेल तर तोंड साधारण एक अंशानं वाकडं झालं तरी बॉल कपाच्या काठावर जातो, ५ फुटांवर दोन अंशांपर्यंत खपून जातं.

पण भाऊ, खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात स्पीडबद्दल एक शब्द नाही आणि मला गडबड तिथेच दिसतेय. लाईन आधी आणि जोर नंतर असं होतच नाही, कारण उतार तोच असला तरी जोरात मारलेला बॉल कमी वळतो आणि हळू मारलेला जास्त वळतो. म्हणजे बॉल कपाशी कुठल्या वेगाने पोचवायचा हे ठरेपर्यंत लाईन नावाची गोष्टच नसते! नासात काम केलेले पटिंगचे अभ्यासक डेव्ह पेल्झ यांचा हिशोब होता की कप चुकला तर बॉल १७ इंच पुढे जाऊन थांबावा एवढा वेग सगळ्यात बरा. त्यांचं कारण असं की कपाजवळ कोणी सहसा पाय ठेवत नाही, त्याच्याभोवती थोडं लांब सगळ्यांचे पाय पडतात, त्यामुळे कपाच्या तोंडाशी बारीकसा उंचवटा राहतो आणि दमलेला बॉल तिथे भरकटतो. मला स्वतःला हा आकडा चढावर आणि सपाटीवर पटतो, उतारावर मात्र मी कपाच्या तोंडाशी बॉल दमवायच्याच मताचा आहे, कारण हळू आलेला बॉल काठावरूनही आत पडतो, आणि चुकला तरी परतीचा चार फुटी पट वाट्याला येत नाही.

उतार वाचायचा म्हणजे काय, पांझरा नदीकाठच्या फडातला (पाटाच्या पाण्यावरच्या सामाईक शेतातला) पाणी सोडणारा पाटकरी जसं पाणी सोडायच्या आधीच ते कुठे वळणार हे बघतो तसं बघायचं. ठिबकवाल्या माणसाला हे वेगळं काय सांगू! फक्त बॉलच्या मागून बघू नका, चालत येताना सखल बाजूने या, तिथून चढ-उतार जास्त स्पष्ट दिसतो, आणि लाईनीशेजारी दोन पाय फाकवून उभे रहा, कुठल्या पायावर जास्त भार येतो ते कळतं. एमपॉइंट नावाची जी पद्धत ॲडम स्कॉटसारखे खेळाडू वापरतात तिच्या मुळाशी हेच आहे. सगळ्यात जास्त लक्ष कपाजवळच्या शेवटच्या तीन फुटांवर द्या, कारण बॉल तिथे हळू झालेला असतो आणि वळतो तो मुख्यतः तिथेच. हौशी लोकांचे पट बहुतेक सखल बाजूने चुकतात, त्यामुळे वळण जेवढं वाटतं त्याहून थोडं जास्तच धरा.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बर्म्युडा गवत असतं, म्हणजे आपली हरळीच, तिच्या सुधारलेल्या जाती. ही आडवी पसरते, त्यामुळे पात्यांचा कल बॉलला ओढतो. गवत चकाकतंय तर कल तुमच्यापासून लांब, बॉल पळणार. काळपट हिरवं दिसतंय तर कल तुमच्याकडे, जोर वाढवा. सकाळी दव असेल तेव्हाही जोर जास्त लागतो.

आता रुटीन. बॉलमागे मार्कर (जागेची खूण म्हणून छोटी चकती) ठेवून बॉल उचला, पुसा, सखल बाजूने अंतर चालून घ्या आणि स्पीड ठरवा. मग मागे बसून रेघ लावा, डाग हेरा, मार्कर उचला. बॉलशेजारी उभं राहून कपाकडे बघत दोन झोके, बॉलकडे नाही, कपाकडे, हाताला अंतर कळायला पाहिजे. मग आधी पटरचं तोंड, नंतर पाय, कपाकडे एक शेवटची नजर, आणि नजर परत आली की मारायचं, तिथे थांबलं की डोकं चालायला लागतं. शंका आलीच तर पूर्ण मागे या आणि पहिल्यापासून करा, बॉलशेजारी उभ्या-उभ्या दुरुस्ती नको. आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा असं नियमातच सुचवलंय, म्हणून उतार बघायचं काम दुसऱ्याची पाळी चालू असतानाच उरकून घ्या, पण त्याच्या लाईनीवर पाय देऊ नका. २० फुटांच्या पुढे रेघ लावूच नका, तिथे अंतर जमलं तरी पुष्कळ. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, तेव्हा स्वतःवर जास्त चिडू नका.

घरी मात्र सतरंजीवर वेग शिकू नका, ती वेगळीच पळते. तिथे तोंड सरळ ठेवायचं काम करा, बॉलपुढे हातभर अंतरावर दोन पुस्तकं बॉलपेक्षा बोटभर जास्त फटीने ठेवा आणि मधून काढा.

प्रश्न (धुळ्याहून): टीव्हीवर काही जण पटर ओळंब्यासारखा लटकवून एक डोळा मिटून बघतात. त्याने खरंच काही कळतं का?

उत्तर: थोडं. पण बॉल, कप आणि तुमचे पाय एकाच सरळ उतारावर असतील आणि पटर लटकवल्यावर दांडा खरोखर उभा राहत असेल तरच. वाटेत उतार बदलला की ते सगळं फसतं. पाय जास्त भरवशाचे. डोळा मिटायचाच असेल तर तुमचा जोरकस डोळा उघडा ठेवा: दोन्ही हातांच्या मधे छोटी खिडकी करून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याला ती वस्तू खिडकीतच दिसत राहते तो जोरकस.

प्रश्न (भुसावळहून): बाबा फौजेत होते, त्यांच्यासोबत मी ब्राऊनवर खेळायला शिकले. आता हिरव्या ग्रीनवर माझे सगळे पट पुढे निघून जातात.

उत्तर: ताई, जाणारच. ब्राऊन म्हणजे तेल मिसळलेली वाळू, ती बॉलला धरून ठेवते, तिथे हात सढळ ठेवावा लागतो आणि वळण फारसं नसतं. ग्रीनवर गेलात की पहिली दहा मिनिटं कपच बघू नका. ग्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बॉल सोडा आणि तो कडेच्या किती जवळ थांबतो ते बघा, चढाने, मग उताराने. सरळ मारायची सवय तुम्हाला ब्राऊनने आधीच लावलीय, फक्त मागे नेतानाचा झोका आखूड करा, बॉलला लागताना हात मंद करू नका.