ओळी गाळून फाइल कॉपी करताना: ‘रद्द’ जावं, ‘रद्दी’ राहावी

पायथन प्रोग्रामने फाइलीतल्या नको त्या ओळी गाळण्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या अडचणी आहेत. वाचनालयाच्या यादीतून ‘रद्द’ शेऱ्याच्या ओळी गाळायला गेलात तर मूळ फाइलच रिकामी झाली. वेगळ्या नावाने केलीत तर चांगल्या नोंदीही गेल्या. आणि ‘दुसऱ्या शाखेत’ शेऱ्याच्या ओळी गाळताना काही गेल्या, काही राहिल्या.

पहिलीचं कारण असं, की फाइल उघडणाऱ्या ओपनला ‘डब्ल्यू’ (लिहिण्याचा) मोड दिला की एकही ओळ लिहिण्याआधीच फाइल कोरी होते. म्हणून जी फाइल वाचताय तिच्यावरच कधीही लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची फाइल उघडा, फॉर लूपने जुनीतली एकेक ओळ घ्या, ठेवायची ती राइट करा. दोन्ही फाइली बंद झाल्या की मग ओएस मोड्यूलमधल्या रिप्लेसने नवीन फाइल जुनीच्या जागी आणा. लूप चालू असताना प्रोग्राम मध्येच बंद पडला तरी मूळ यादीला धक्का लागत नाही. रीडलाइन्स वापरू नका, ते अख्खी फाइल मेमरीत घेतं.

दुसरी अडचण तपासण्याच्या पद्धतीत आहे. ‘इन’ने तुम्ही ओळीत कुठेही ‘रद्द’ ही अक्षरं आहेत का ते बघताय, त्यामुळे ‘रद्दीतून घेतलेलं’ अशी नोंदही जाते. तुमचे रकाने टॅबने वेगळे केलेले आहेत, तर ओळ टॅबवर स्प्लिट करा आणि फक्त शेवटचा रकाना ‘रद्द’शी ताडून बघा. आधी ओळीच्या टोकाचं न्यूलाइन (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) काढावं लागेल, नाहीतर तुलना जुळणार नाही. पण त्यासाठी नुसतं स्ट्रिप (दोन्ही टोकांची मोकळी जागा काढणारं) नको! शेऱ्याचा रकाना रिकामा असला तर ते शेवटचा टॅबही खाऊन टाकतं आणि अलीकडचा रकाना शेवटचा होऊन बसतो. फक्त उजवं टोक छाटणारं आरस्ट्रिप वापरा आणि त्याला फक्त न्यूलाइन द्या. हे सगळं तपासण्यापुरतं. नव्या फाइलीत मूळ ओळ जशीच्या तशी लिहा.

दोन्ही ओपनमध्ये एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. विंडोजवर ते वगळलं की बहुतेक वेळा सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग धरलं जातं आणि देवनागरी वाचतानाच एरर येते किंवा अक्षरांचा कचरा होतो.

तिसरी अडचण, ‘दुसऱ्या शाखेत’ शेऱ्याच्या काही ओळी गळतात, काही नाहीत, हे मात्र खास आपल्या लिपीतलं दुखणं आहे. त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घालतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि पुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पायथनला वेगळे. युनिकोडडेटा मोड्यूलमधलं नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणारं) इथे पुरत नाही, ते झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. तुलनेआधी रकान्यातला दुसरा प्रकार मजकुरातली अक्षरं बदलणाऱ्या रिप्लेसने (हे ओएसमधलं नव्हे) पहिल्यात बदलून घ्या, आणि ज्याच्याशी ताडता त्या शब्दालाही तेच करा.

सुरुवातीला गाळलेल्या ओळी तिसऱ्या फाइलीत लिहून ठेवा. ती एकदा डोळ्यांखालून घालून मगच ओएसच्या रिप्लेसची ओळ चालू करा.