तुर्कस्तानच्या क्लबच्या आधी काय काय लागतं

कोरेगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मुलगी अकरावी सायन्सला आहे. उंची पाच फूट पाच इंच. सातवीपासून व्हॉलीबॉल खेळते, स्मॅश चांगला आहे, यंदा शाळेच्या संघातून विभागीय स्पर्धेपर्यंत गेली. मोबाईलवर महिलांच्या क्लबांची जागतिक स्पर्धा बघते आणि आपल्यालाही तुर्कस्तानच्या वाकिफबँक क्लबकडून खेळायचंय म्हणते. तिचे वडील शूटिंगचे, म्हणजे मुठीनं खेळायच्या व्हॉलीबॉलचे, जुने खेळाडू, पण त्यांना वाटतं फार्मसी करावी आणि खेळ हौसेपुरता ठेवावा. गावातले सर म्हणतात उंची कमी पडेल. आता इन्स्टाग्रामवर एकजण भेटलाय, साठ हजार भरले तर इस्तंबूलला ट्रायल करून देतो म्हणतो. पैसे भरावेत का? सायन्स सोडावं का? आणि मुलीला एकटीला बाहेरच्या सामन्यांना कसं पाठवायचं?"

ताई, आधी पैशांचं बोलू, कारण तेवढंच तातडीचं आहे. एक रुपयाही भरू नका. युरोपातल्या क्लबला परदेशी खेळाडू हवी असेल तर तो एजंटमार्फत बोलतो, आणि एजंटाचं कमिशन करार झाल्यावर निघतं, आधी मुलीच्या आईकडून नाही. दुसऱ्या देशात अधिकृत सामना खेळायचा तर आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं आणि त्याला खेळाडूच्या मूळ देशाच्या महासंघाची संमती लागते. जिने अजून महाराष्ट्राचा शर्ट घातलेला नाही, तिला इस्तंबूलच्या क्लबची ट्रायल साठ हजारांत मिळते यावर विश्वास ठेवायला माझं मन तरी तयार नाही. त्या माणसाला उत्तरही देऊ नका. मुलीचा आधार क्रमांक, पासपोर्टचा फोटो किंवा व्हिडिओ त्याला आधीच पाठवले असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. १९३० या क्रमांकावरही आर्थिक फसवणुकीची तक्रार घेतात.

आता तिच्या स्वप्नाकडे. तुम्ही पत्रात ते जरा लाजत लिहिलंय, लाजायचं कारण नाही. उलट पोरगी चांगलं बघते. महिलांची क्लब जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये ब्राझीलमध्ये सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद तिथल्याच सादिया संघानं घेतलं. नव्वदच्या दशकात तीन स्पर्धा झाल्या आणि मग खंड पडला, तो थेट २०१० मध्ये दोह्याला भरला. त्या वर्षी तुर्कस्तानचा फेनरबाहचे जिंकला. तिथून पुढे पारडं बहुतेक तुर्की आणि इटालियन संघांकडेच झुकलेलं आहे. वाकिफबँकनं २०१३, २०१७, २०१८ आणि २०२१ अशी चार विजेतेपदं घेतली. तुर्कस्तानच्याच एज्झाजीबाशीनं २०१५, २०१६ आणि २०२३ ला, इटलीच्या कोनेल्यानोनं २०१९, २०२२ आणि २०२४ ला.

या संघांमागे कोण उभं आहे हेही तिला बघायला सांगा, कारण तिचं करिअर त्यातून समजेल. वाकिफबँक ही खरोखरची बँक. एज्झाजीबाशी हा मुळात औषधं बनवण्यातून वाढलेला मोठा उद्योगसमूह. फार्मसीचं नाव काढणाऱ्या तिच्या बाबांना हे मुद्दाम सांगा, संध्याकाळी बोलायला विषय मिळेल. कोनेल्यानो हे तर पस्तीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आपल्या कराडपेक्षा लहान, द्राक्षमळ्यांचा मुलूख. तिथल्या स्थानिक उद्योजकांनी २०१२ मध्ये क्लब उभा केला आणि सात वर्षांत तो जगज्जेता झाला. पुढे याच संघानं सलग ७६ सामने जिंकले. म्हणजे बँक, कारखाना नाहीतर गावचे व्यापारी पैसे घालतात, लहान मुलींचे संघ चालवतात, आणि मुलगी पगारी खेळाडू होते. आपल्याकडे साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी बँका कमी आहेत का? असो. तो राग मी दुसऱ्या एखाद्या लेखात काढीन.

आपल्याकडे मुलींच्या व्हॉलीबॉलला हा आधार क्लबाचा नाही, नोकरीचा आहे. पुरुषांची प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यातून अहमदाबाद डिफेंडर्स २०२३ च्या डिसेंबरात बंगळुरूला झालेल्या पुरुषांच्या क्लब जागतिक स्पर्धेत खेळले. मुलींची तशी लीग अजून उभी राहिलेली नाही. महिलांच्या जागतिक क्लब स्पर्धेत थायलंडचे आणि कझाकस्तानचे संघ येऊन गेले, आपला नाही. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत मुलींमध्ये वर्षानुवर्षं दबदबा आहे तो रेल्वेचा, आणि त्यांना झुंज देते ती मुख्यतः केरळची टीम. म्हणून तुमच्या लेकीनं आज डोळ्यांसमोर ठेवायचं ते नाव वाकिफबँक नव्हे, भारतीय रेल्वे.

हे ऐकून ती हिरमुसेल. तिला नीट समजावा की दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर आहेत. परदेशी क्लब आशियातल्या मुलीला बोलावतो तेव्हा तिचा राष्ट्रीय संघातला खेळ बघून बोलावतो. राष्ट्रीय संघात जायचं तर वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत दिसलं पाहिजे, आणि तिथे दिसायचं तर राज्याचा किंवा रेल्वेचा संघ लागतो. थायलंडची नूतसारा तोमकोम ही सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर उचलून देणारी, उंची साधारण १६९ सेंटिमीटर, आधी देशाच्या संघातून नाव कमावून मग अझरबैजानच्या राबिता बाकूकडून आणि पुढे फेनरबाहचेकडून खेळली. लेकीला तिचे जुने सामने शोधून बघायला सांगा.

उंचीबद्दल सर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. पाच फूट पाच म्हणजे १६५ सेंटिमीटर. या वयात मुलींची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असते, एखादा सेंटिमीटर वाढली तर वाढली. उंची वाढवायच्या पावडरी आणि लटकायची यंत्रं विकणाऱ्यांनाही त्या इन्स्टाग्रामवाल्याच्याच रांगेत उभं करा. महिलांची नेट २.२४ मीटर. जागतिक क्लब स्पर्धेत २०१७ आणि २०१८ ला सर्वोत्तम खेळाडू ठरलेली वाकिफबँकची चू टिंग चीनच्या हेनान प्रांतातल्या शेतकरी घरातली. ही गोष्ट ऐकली की आपल्याकडच्या प्रत्येक आईचा ऊर भरून येतो, पण तिची उंची १९८ सेंटिमीटर आहे. तिच्याशी तुलना करून पोरीला स्मॅशर ठेवलं तर जिल्ह्यात टाळ्या मिळतील आणि राज्याच्या निवड चाचणीत नाव गळेल. परदेशी क्लबांचंही गणित असंच: परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, आणि त्या बहुतेक उंच स्मॅशर आणि ब्लॉकरवर खर्च होतात.

पण बुटक्या मुलीला या खेळात जागा नाही, हे साफ चूक. जपानची योशिए ताकेशिता १५९ सेंटिमीटरची. २००६ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तीच सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१२ ला लंडनमध्ये तिनं ऑलिम्पिक कांस्य घेतलं. ती सेटर होती. १९९८ पासून नियमात लिबेरो आला, वेगळ्या रंगाचा शर्ट घालून फक्त मागच्या ओळीत खेळणारा. तिथे उंचीपेक्षा पाय आणि डोळा लागतो. डॉमिनिकन रिपब्लिकची ब्रेंडा कास्तियो जगातल्या नावाजलेल्या लिबेरोंपैकी एक, १६७ सेंटिमीटर. तुमची लेक तिच्यापेक्षा बोटभरच कमी.

माझं मत विचाराल तर सेटर आधी, लिबेरो नंतर. एक म्हणजे मोठ्या स्पर्धेत सेटरला प्रत्येक रॅलीत चेंडू लागतो, त्यामुळे निवडणाऱ्यांच्या नजरेत ती लवकर भरते. दुसरं, तुम्ही लिहिलंय की ती सामना बघताना कोण कुठे मारणार हे आधीच सांगते. हा गुण सेटरचा. अर्थात मी तिला खेळताना पाहिलेलं नाही. हे तिच्या प्रशिक्षकानं ठरवायचं. सरांना "उंची कमी आहे का?" असं विचारू नका. "हिला सेटर करायला किती महिने लागतील?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर साताऱ्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात कोण प्रशिक्षक आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

आणि एक नाजूक गोष्ट, बाबांसाठी. यात्रेतलं शूटिंग हा आपल्या भागातला जिवंत खेळ आहे, माणसं त्यासाठी रात्र रात्र जागतात. पण तो मुठीनं खेळायचा चेंडू, आणि सेटरचं सगळं काम दहा बोटांच्या टोकांवर. संध्याकाळी बापलेक शूटिंग खेळतात असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. ते थांबवू नका, पण आठवड्यात एकदा पुरे. बाकीचे दिवस बाबांनी तिला भिंतीसमोर उभं करून ओव्हरहेड पास मोजत बसावं. शूटिंगची प्रमाणपत्रं आणि व्हॉलीबॉलची प्रमाणपत्रं वेगवेगळ्या फायलीत ठेवा. नोकरीच्या वेळी घोळ नको.

प्रमाणपत्रांकडे मात्र आत्तापासून लक्ष हवं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. कोणत्याही आमंत्रित चषकाचं रंगीत प्रमाणपत्र तिथे चालत नाही. स्पर्धा कोणी भरवली, ती संघटना मान्यताप्राप्त आहे का, संघ कितवा आला, हे सगळं बघतात. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुणही मिळतात; त्याचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जातोय ना, हे तुम्ही स्वतः बघा. शाळा विसरतात.

आता सायन्स. सोडू नका, निदान आता या पत्रावरून सोडू नका. रेल्वेच्या खेळाडू भरतीत वयोमर्यादा १८ ते २५ आहे. खालच्या श्रेणीला दहावी-बारावी चालते, वरच्या श्रेणीला पदवी लागते. म्हणजे पदवी नसलेली उत्तम खेळाडू आयुष्यभर कनिष्ठ पदावर अडकू शकते. बारावीनंतर शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात, जिथे मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ खरोखर सराव करतो तिथे, प्रवेश घ्यावा. विद्यापीठाचा संघ, तिथून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा, ही साताऱ्याच्या मुलीसाठी सर्वात खुली वाट आहे. फार्मसीला हजेरी आणि प्रॅक्टिकलचा ताण असतो; सकाळ-संध्याकाळचा सराव त्यात बसवणं अवघड. बाबांना फार्मसीच हवी असेल तर दोन वर्षं थांबा म्हणावं. तोवर ती राज्याच्या संघात गेली की नाही हे कळेल, आणि त्यावर निर्णय घेणं सोपं जाईल.

सायन्सचा दुसरा उपयोगही आहे. जागतिक क्लब स्पर्धेचं प्रक्षेपण बघताना लेकीला बाकाकडे बघायला सांगा. तिथे लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक पास सांकेतिक खुणांनी नोंदवत असतो. डाटा व्हॉली नावाचं इटालियन सॉफ्टवेअर बहुतेक मोठे संघ वापरतात. शिवाय फिजिओ, ताकदीचा प्रशिक्षक, व्हिडिओ बघणारा, असा सगळा ताफा असतो. आपल्याकडे अशी माणसं फार थोडी आहेत. ज्या मुलीला रॅली आधीच वाचता येते आणि जी गणितात बरी आहे, तिला हे काम खेळता खेळता शिकता येईल. प्रशिक्षक व्हायचं झालं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण पदविका अभ्यासक्रम आहे, तो पदवीनंतर.

गुडघ्यांबद्दल दोन शब्द. गावाकडच्या कडक मैदानावर रोज उड्या मारल्या की मुलींचे गुडघे लवकर बोलायला लागतात. दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता उतरायला शिकवणारा कोणी हवा. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. ते कमी असेल तर "पोरगी आळशी झालीय" असं म्हणण्याआधी डॉक्टरांकडे जा.

राहिला बाहेरगावचा प्रश्न. तुमची काळजी रास्त आहे, ती "जुने विचार" म्हणून उडवू नका आणि तिच्यामुळे दौराही चुकवू नका. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक कोण आहे, तिचा नंबर, राहायची सोय, परतीची गाडी हे संघ निघायच्या आधी लेखी मागा. जो प्रशिक्षक हे विचारल्यावर चिडतो, त्याच्या संघात मुलगी पाठवू नका. पहिल्या निवड चाचणीला तुम्ही स्वतः सोबत जा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, तीन फोटो आणि मूळ प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा, आणि मूळ प्रती कोणाच्याही हातात ठेवून येऊ नका.