धागा आहे, पण आयोजवळ

प्रश्न आवडला. तुमचं म्हणणं असं: पृथ्वीच्या पोटातला लोहचुंबकच सगळ्याला ओढून धरतो, म्हणजे गुरुत्व, चुंबकत्व आणि कंपन मुळात एकच. हा धागा वीज आणि चुंबकत्वावर काम करणाऱ्या मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानंही शोधला होता. 1849 साली त्यानं तारेची वेटोळी उंचावरून सोडून पाहिली, पडताना वीज उमटते का म्हणून. हाती काही लागलं नाही, आणि त्यानं ते तसंच जाहीर केलं. या माणसाबद्दल मला म्हणूनच फार आदर आहे.

लोहचुंबकाचं आधी मिटवू. गोव्यातल्या मिरामारच्या वाळूत जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवा. काळे कण केसांसारखे उभे राहून चिकटतात, बाकीची वाळू ढिम्म. मूठ उघडली की मात्र दोन्ही सारखीच खाली पडते. शुक्राचं गुरुत्व पृथ्वीच्या 90 टक्के आहे, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ शून्य. मग त्याचं ते दाट वातावरण कुणी धरून ठेवलंय? शिवाय लोखंड 770 अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व जातं, आणि पृथ्वीचा गाभा हजारो अंशांवर आहे. तिथलं क्षेत्र वितळलेलं लोखंड ढवळून निघतं त्यातून तयार होतं. जड ते खाली, हलकं ते वर, हे ढवळणं गुरुत्वामुळेच चालतं. संबंध आहे तो इथे.

तिन्ही एकत्र बघायची असतील तर गुरूचा चंद्र आयो बघा. आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात गुरूच्याच दुसऱ्या दोन चंद्रांपैकी युरोपाच्या दोन आणि गॅनिमिडची एक. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत राहिलं की झोका वाढतो ना, तसे हे धक्के आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ देत नाहीत. त्यामुळे गुरू त्याला कधी जास्त, कधी कमी पिळतो. जमीन सुमारे 100 मीटर वरखाली होते आणि आतून तापते. मार्च 1979 मध्ये तिघा शास्त्रज्ञांनी हे गणित छापलं, आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर-1 या अंतराळयानाच्या छायाचित्रांत तिथले ज्वालामुखी दिसले! त्यातून सुटलेलं गंधकयुक्त द्रव्य, सेकंदाला साधारण एक टन, गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून त्याच्याबरोबर फिरत राहतं.

तुम्हाला हवी ती साखळी हीच: ताल, ओढ, उष्णता आणि मग चुंबकत्व. प्रत्येक कडी वेगळी, प्रत्येक मोजता येते.

पाऊस सरला आणि गुरू रात्री वर असला की छोट्या दुर्बिणीतून गुरूलगतच्या ठिपक्यांची जागा सातला आणि पुन्हा दहाला वहीत काढा. आयो साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो, त्यामुळे तेवढ्यातही तो सरकलेला कळतो. वहीचा फोटो इथे टाका, कोणता ठिपका कोणता ते आपण मिळून ओळखू.