वर्गणीचा हिशेब मागायचा कोणाला?

शाळांसाठी जमवलेल्या निधीबद्दल नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची व शाळांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. डिजिटल वर्गासाठी गेल्या वर्षी लोकवर्गणी झाली. काहींनी रोख दिली, काहींनी क्यूआर कोडवर पाठवली. वर्गात स्क्रीन लागली, पण किती जमले आणि किती खर्च झाले हे कोणी सांगत नाही. पंचायत समितीत विचारले तर ‘तो शासनाचा पैसा नाही, आमचा संबंध नाही’ असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का?
— एक पालक, हिंगणा तालुका

हे उत्तर चुकीचे आहे आणि ते ऐकून परत फिरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीची कामे दिली आहेत. शासन, स्थानिक प्राधिकरण ‘किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून’ आलेल्या निधीच्या वापरावर देखरेख ठेवणे हे त्यांतले एक. लोकवर्गणी या शेवटच्या शब्दांत बसते. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. मुख्याध्यापक जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत. शाळेच्या नावावर त्यांनी पैसा घेतला असेल, तर तो कसा हाताळला हे तपासणे पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचे कामच आहे.

सुरुवात मात्र शाळेतूनच करा. मुख्याध्यापकांना ‘सदस्य सचिव’ म्हणून लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. वर्गणी काढण्याचा समितीचा ठराव, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती (पुस्तकातच राहणाऱ्या प्रती), त्या काळातला बँकेचा उतारा आणि कीर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही) प्रमाणकांसह (व्हाउचरांसह), एवढेच मागा. तोंडी विचारपूस केली की गावात चर्चा होते, कागद हाती येत नाही.

कागद मिळाले की आधी जमेची बाजू लावा, खर्चाकडे नंतर वळा. प्रत्येक दिवसाच्या स्थळप्रतींची बेरीज, कीर्दीतली त्या दिवसाची जमा आणि बँकेतला भरणा हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. समजा पावत्यांची बेरीज १,८४,५०० रुपये आहे आणि बँकेत १,५१,००० च भरले आहेत. मधले ३३,५०० रुपये कुठे गेले, हा तुमचा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा ‘ते परस्पर वायरिंगला दिले’ असे उत्तर येते. तसे खरेही असू शकते. पण आलेली रोकड बँकेत न भरता थेट खर्चली, की जमा आणि खर्च दोन्ही अंधारात जातात आणि प्रामाणिक माणसालाही आपली बाजू सिद्ध करता येत नाही. म्हणून वायरिंगचे बिल आणि ज्याला पैसे दिले त्याची सहीची पावती मागा.

पावतीपुस्तकांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहा. एक ते पाच पुस्तके छापली आणि चौथे सापडत नाही, असे झाले तर छापखान्याच्या बिलावरून किती पुस्तके छापली ते कळते. खराब झालेली पावती फाडून टाकायची नसते. मूळ प्रत आणि स्थळप्रत दोन्ही ‘रद्द’ असे लिहून पुस्तकातच ठेवायच्या असतात.

आता क्यूआर कोड. तो समितीच्या खात्याचा होता की एखाद्या शिक्षकाच्या किंवा अध्यक्षांच्या वैयक्तिक खात्याचा, हे तुमच्याच मोबाइलमधल्या व्यवहाराच्या तपशिलात दिसते. पैसे ज्याला गेले त्याचे नाव आणि बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक तिथे असतो. वैयक्तिक खाते निघाले तर त्या खात्यातून समितीच्या खात्यात किती आणि कधी वळते झाले, एवढेच विचारा. आठ-दहा देणगीदारांचे स्क्रीनशॉट एकत्र केले तरी चित्र बरेच स्पष्ट होते.

खर्चात सगळ्यात मोठे बिल स्क्रीनचे असेल. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसते. बिलावरचा मॉडेल व अनुक्रमांक आणि स्क्रीनच्या मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक जुळवा. बिल ७५ इंची स्क्रीनचे आणि भिंतीवर ६५ इंची, हा फरक टेपने मोजला तरी कळतो. मोजमाप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घ्यायचे असते. तीन दरपत्रके घेतली असतील तर ती तीन वेगळ्या दुकानांची आहेत का, की पत्ता आणि अक्षर एकच आहे, तेही बघा. स्क्रीनची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) नसेल, तर ती उद्या नेली तरी शाळेला दाद मागता येणार नाही.

पंधरा दिवसांत कागद मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे द्या. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘अपहार का झाला?’ असे विचारू नका. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या कीर्दीची प्रत द्यावी’ असे लिहा. कारणे विचारणारे अर्ज सहज फेटाळले जातात. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा, त्याला वीस रुपयांचे तिकीट लागते. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते.

तक्रारीचा रस्ता याला समांतर चालू ठेवा. गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. तक्रारीत ‘चौकशी करावी’ एवढेच लिहिले की केंद्रप्रमुख येतात, जबाब घेतात आणि कागद फाइलीत जातो. त्याऐवजी ‘लेखा शाखेच्या कर्मचाऱ्यामार्फत लोकवर्गणीच्या खात्याची तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी’ अशी नेमकी मागणी करा. सोबत तुम्ही केलेला तीन आकड्यांचा तक्ता जोडा. फरक आकड्यांत मांडलेला असला की तो टाळणे कठीण जाते.

प्रश्न : शहरातल्या आमच्या अनुदानित शाळेच्या संस्थेने नव्या इमारतीसाठी माजी विद्यार्थ्यांकडून मोठी रक्कम जमवली. तीन वर्षे झाली, वीटही रचली गेली नाही. शिक्षणाधिकारी म्हणतात, हे संस्थेचे प्रकरण आहे. मग विचारायचे कोणाला?
— एक माजी विद्यार्थी, महाल, नागपूर

इथे शिक्षणाधिकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते वेतन आणि वेतनेतर अनुदान तपासतात. देणगी संस्थेच्या खात्यात गेली असेल तर तिच्यावर नियंत्रण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तालयाचे असते. संस्थेने दरवर्षी हिशेब तपासून घेऊन लेखापरीक्षकाचा अहवाल त्या कार्यालयात द्यायचा असतो. मार्चअखेरचे हिशेब साधारण सप्टेंबरअखेर तयार होतात. संस्थेच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो, शिक्षण संस्थांचा तो बहुधा ‘एफ’ ने सुरू होतो. तो देऊन नागपूरच्या कार्यालयात तीनही वर्षांच्या अहवालांच्या प्रमाणित नकला मागा.

ताळेबंद याच अधिनियमाच्या नियमांतल्या अनुसूची आठच्या नमुन्यात असतो. त्यात डाव्या बाजूला विश्वस्त निधीच्या खाली विशिष्ट हेतूसाठी राखलेल्या निधीची जागा असते. ‘इमारत निधी’ तिथे दिसायला हवा आणि दरवर्षी वाढत किंवा खर्चाइतकाच कमी होत जायला हवा. तेवढीच रक्कम उजव्या बाजूला मुदत ठेवीत किंवा बँकेत सापडली, तर पैसा शाबूत आहे आणि अडचण कदाचित नकाशा मंजुरीची असेल. डावीकडे निधी आहे पण उजवीकडे ठेवी तेवढ्या नाहीत, तर तो पैसा दुसऱ्याच कामात वापरला गेला आहे. इमारत निधी ताळेबंदात कुठेच नसेल, तर उत्पन्न-खर्च पत्रकात ‘देणग्या’ या ओळीत पाहा. इमारतीची देणगी तिथे साध्या उत्पन्नात मिसळून टाकली, की ती पगार, वीज, कार्यक्रम कशातही विरघळते. नियमभंगाचे सगळ्यात जास्त आढळणारे रूप हेच आहे आणि कित्येकदा त्यामागे चोरी नसते, निष्काळजी हिशेबनीस असतो. परिणाम देणगीदाराच्या दृष्टीने तोच.

आणखी एक पडताळा आहे. ज्यांना आयकरात सवलतीचे आश्वासन दिले होते त्यांना १० बीई नमुन्यातले प्रमाणपत्र मिळाले का, हे आपल्या तुकडीतल्या लोकांना विचारा. ते मिळाले नसेल तर संस्थेने आयकर विभागाला दिलेल्या यादीत त्यांची देणगी असण्याची शक्यता कमी. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर मात्र सवलत मिळतच नाही.

नकला पाहून प्रश्न उरले तर आधी विश्वस्तांना लेखी विचारा, मग धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. हिशेब मागवण्याचे आणि तपासण्याचे अधिकार विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये आहेत, विश्वस्तांना निर्देश देण्याचे कलम ४१ अ मध्ये. अर्जावर एकापेक्षा जास्त देणगीदारांच्या सह्या आणि पावत्यांच्या प्रती जोडा. ‘निधी स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे निर्देश द्यावेत’ ही मागणी विश्वस्त हटवण्याच्या मागणीपेक्षा लवकर पदरात पडते, आणि पैसा वाचवायचा असेल तर तीच आधी हवी.

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. वर्गखोल्यांच्या दुरुस्तीसाठी गावकरी मदत करायला तयार आहेत. संत्र्याचे पैसे आले की रोख देऊ म्हणतात, काही जण सिमेंट आणि रेती देणार आहेत. पुढे कोणी बोट दाखवू नये म्हणून सुरुवातीलाच काय करावे?
— एक मुख्याध्यापिका, काटोल तालुका

बाई, पैसा यायच्या आधी ठराव करा. त्यात काम, अंदाजित रक्कम, खाते, सह्या कोणाच्या, आणि रक्कम उरली तर ती कशाला वापरायची, हे सगळे लिहा. शिल्लक रकमेवरून वाद जास्त होतात. ‘समग्र शिक्षा’ या शासकीय योजनेचे शून्य शिल्लक खाते या कामाला चालत नाही, लोकवर्गणीसाठी समितीचे वेगळे बचत खाते ठेवा. अध्यक्ष आणि तुम्ही, अशा दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघू नयेत. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवायची पद्धत सोयीची वाटते. ती कधीही स्वीकारू नका आणि अध्यक्षांनाही करू देऊ नका.

आलेली रोकड दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पूर्णच्या पूर्ण भरा. खर्चासाठी बाजूला काढू नका. वस्तुरूप मदतीलाही पावती द्या, पण त्यावर रुपये न लिहिता परिमाण लिहा : ‘सिमेंट, ५० किलोच्या २० गोण्या’. साठा नोंदवहीत आवक आणि वापर रोजच्या रोज चढवा. उघड्यावर पडलेले सिमेंट पावसाळ्यात दगड होते आणि मग दहा गोण्या कुठे गेल्या याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागते. रेतीसोबत वाहतूक परवाना घ्याच. तो नसेल तर महसूल विभाग ट्रॅक्टर अडवतो आणि देणाऱ्यालाच दंड भरावा लागतो. कामाचे अंदाजपत्रक आणि झालेल्या कामाचे मोजमाप पंचायत समितीच्या अभियंत्याकडून करून घ्या, मिस्त्रीच्या तोंडी हिशेबावर पैसे देऊ नका. दर महिन्याच्या सभेत जमा, खर्च, शिल्लक वाचून दाखवा, इतिवृत्तात लिहा आणि तोच कागद सूचना फलकावर लावा.

प्रश्न : शाळेने ‘ऐच्छिक’ देणगी मागितली, पण दिली नाही तर निकालपत्र देणार नाही म्हणतात. आणि याबद्दल पालकांच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले तर चालेल का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

निकालपत्र अडवणे म्हणजे सक्ती. जाहीर केलेल्या शुल्काखेरीज घेतलेली देणगी शिक्षण हक्क कायद्यात कॅपिटेशन फी ठरते. कलम १३ प्रमाणे त्याला घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो. आठवीच्या पुढच्या वर्गांसाठी राज्याचा १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंध कायदा आहे. मागणीचा संदेश किंवा चिठ्ठी जपून ठेवा, पैसे दिलेच तर पावती घ्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. गटात ‘आम्ही हिशेब मागितला आहे, अर्जाची प्रत जोडली आहे’ असे जरूर लिहा. कोणाचे नाव घेऊन ‘पैसे खाल्ले’ असे मात्र पुरावा हाती येईपर्यंत लिहू नका. बदनामीचा खटला तुमच्यावर उलटतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.